खेळण्यातली रुग्णवाहिका दर वेळी वाटेतच का अडकते?

पत्र : आम्ही लालबागला चाळीत राहतो. घरात मी, माझे यजमान, सासूबाई, साडेसहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. फेब्रुवारीत एका रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले, रुग्णवाहिकेतून त्यांना नेले आणि पहाटे ते गेले. मुलाला त्या रात्री शेजारच्या काकूंकडे झोपवले होते. त्याचा आजोबांवर फार जीव होता, म्हणून ‘आजोबा गावी गेले आहेत’ एवढेच त्याला सांगितले आहे. पुढचे गणपतीला कोकणात गेल्यावर बघू, असे ठरवले आहे. तेव्हापासून तो रात्री अंथरूण ओले करतो, वर्गात बोलत नाही, मुलांना ढकलतो. शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून त्याला एका समुपदेशक ताईंकडे दर आठवड्याला नेतो. दीड महिना झाला, तिथे तो नुसता खेळतो. ठोकळ्यांचे हॉस्पिटल करतो, रुग्णवाहिका पळवतो, ती वाटेतच अडकते आणि मग तो बाहुल्याला बडवतो. घरीही हाच खेळ चालतो. ताई त्याला काही समजावत नाहीत, उलट ‘आज काय खेळलास’ हे विचारू नका, असे आम्हाला सांगतात. सासूबाई म्हणतात, खेळायचेच आहे तर आपली गॅलरी काय वाईट आहे? यजमानांनाही पैसे वाया जात आहेत असे वाटते. हा खरोखर उपचार आहे का? त्याला मारण्याची सवय लागेल का? आणि घरी आम्ही काय करावे?
— एक आई, लालबाग

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, हा उपचार आहे. याला प्ले थेरपी किंवा खेळ-उपचार म्हणतात, आणि तुमच्या वर्णनावरून तरी ताई तो समजून-उमजून करत आहेत असे मला वाटते. पण तुमच्या पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलेले एक वाक्य असे आहे, की त्याच्यावर काम झाल्याशिवाय जगातली कोणतीही ताई तुमच्या मुलाला पुरेशी मदत करू शकणार नाही. त्या वाक्याकडे मी थोड्या वेळाने येते.

साडेसहा वर्षांच्या मुलाला ‘तुला काय होते आहे ते सांग’ असे म्हटले, की आपण त्याच्याकडून एक अवघड काम मागत असतो. दुःख, भीती, राग आणि ‘माझेच काहीतरी चुकले असेल’ ही टोचणी या सगळ्या गोष्टी एकाच वेळी मनात असताना त्या वेगळ्या करायच्या, त्यांना नावे द्यायची आणि समोरच्या मोठ्या माणसाला रुचेल अशा वाक्यात मांडायच्या, हे पुष्कळदा आपल्यालाही जमत नाही. खेळात मात्र मुलाला ते असे सांगावे लागत नाही. भीती गाडीत बसवता येते, राग ड्रायव्हरला देता येतो, नको वाटले की गाडी बाजूला ठेवून दुसरे काही घेता येते. त्या रात्री घरात जे घडले त्यातले काहीही त्याच्या हातात नव्हते. कोण कुठे चालले आहे, हेसुद्धा त्याला कुणी सांगितले नाही. खेळात गाडी कधी सुटावी, कुठे थांबावी आणि पुन्हा केव्हा निघावी हे तो ठरवतो. मुलांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट असते.

ही समजूत काल-परवाची नाही. १९२० च्या दशकात व्हिएन्नामध्ये अ‍ॅना फ्रॉइड आणि बर्लिनमध्ये, पुढे लंडनमध्ये, मेलनी क्लाइन या दोघींनी मुलांच्या उपचारात खेळणी आणली. दोघींचे आपसात पटत नव्हते. मुलाच्या खेळातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीला दडलेला अर्थ असतो, अशी क्लाइन यांची भूमिका होती. तर प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधू नये, खेळ हा आधी मुलाशी नाते जोडण्याचा मार्ग आहे, असे अ‍ॅना फ्रॉइड यांना वाटे. लंडनमध्येच मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी वाळूचा ट्रे आणि छोट्या माणसांच्या, प्राण्यांच्या, घरांच्या प्रतिकृती मुलांपुढे ठेवल्या आणि मुले त्यात आपापले जग मांडू लागली. अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. मुलाला आहे तसे स्वीकारावे, त्याला घाई करू नये, वाट त्याने दाखवावी आणि उपचारकाने मागून जावे, ही त्यांची शिकवण आजही प्रमाण मानली जाते. तुमच्या ताई ‘काही समजावत नाहीत’ असे तुम्ही लिहिले आहे. त्या याच वाटेने चालल्या आहेत. या उपचाराचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना स्पष्ट फायदा झालेला दिसला, आणि जिथे आई-वडिलांना शिकवून उपचारात सामील करून घेतले होते तिथे तो आणखी जास्त दिसला. हा दुसरा निष्कर्ष तुमच्या यजमानांना आवर्जून सांगा.

आता सासूबाईंच्या गॅलरीविषयी. त्यांचा प्रश्न मुळीच चुकीचा नाही. चाळीच्या गॅलरीत जो खेळ होतो तो मुलाला हवाच, तो बंद करू नका. पण तिथे इतर मुलांचे डाव असतात, हरणे-जिंकणे असते, आणि डोळ्यांत पाणी आले तर ‘मुलगा असून रडतोस काय’ असे म्हणणारे कुणीतरी हमखास असते. ताईंच्या खोलीत पाऊण तास एका मोठ्या माणसाचे संपूर्ण लक्ष फक्त त्याच्याकडे असते. खेळणी दर आठवड्याला त्याच जागी असतात. ती निवडलेली असतात ती करमणुकीसाठी नव्हे. घर, कुटुंबातल्या माणसांच्या बाहुल्या, डॉक्टरचा संच, गाड्या, पाळीव आणि हिंस्र प्राणी, माती, वाळू, रंग, हातात घालायच्या बाहुल्या अशी ती असतात, म्हणजे माया, भीती, चीड, आजारपण यांपैकी काहीही त्यांतून मांडता यावे. आपोआप आवाज करणारी आणि बटण दाबले की स्वतःच खेळणारी खेळणी तिथे सहसा नसतात, कारण मुलाने करावे असे त्यात काही उरत नाही.

आणि ताई गप्पही नसतात, हे तुम्ही नीट ऐकले तर लक्षात येईल. ‘गाडीला पोहोचायचे आहे, पण रस्ताच मिळत नाही. ड्रायव्हरला फार राग आला आहे,’ असे काहीतरी त्या म्हणत असतील. ‘तो ड्रायव्हर म्हणजे तूच ना?’ असे त्या म्हणत नाहीत. तसे म्हटल्याबरोबर मुलाला कळते की आपण पकडले गेलो, आणि खेळ थांबतो. ‘काय खेळलास’ हे घरी विचारू नका, यामागेही हेच कारण आहे. खोलीतून बाहेर आल्यावर रोज जबानी द्यायची असेल, तर मुलगा आईला आवडेल असेच खेळेल. तुमच्या बाजूचेही मी बोलले पाहिजे. मुलाचा विश्वास जपणे म्हणजे पालकांना अंधारात ठेवणे नव्हे. खेळात कोणते विषय पुन्हा पुन्हा येत आहेत, काही बदल दिसतो आहे का, घरी कशाची काळजी घ्यावी, हे जाणून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मुलाला न नेता, फक्त तुम्हा दोघांसाठी ताईंची वेगळी वेळ मागा. दीड महिन्यात अशी एकही भेट झाली नसेल, तर ती आधीच व्हायला हवी होती.

बाहुल्याला बडवण्याने सवय लागेल का, या प्रश्नात तुमची भीती रास्त आहे. ‘राग बाहेर पडला की माणूस मोकळा होतो’ असे आपण सहज म्हणतो, पण प्रयोगांत तसे आढळलेले नाही. रागाच्या भरात वस्तूंवर हात उगारत राहिल्याने राग पुष्कळदा तसाच राहतो किंवा वाढतो. त्यामुळे नुसते बडवू देणे हा उपचार नाही. राग आलेला असताना समोरचे माणूस घाबरत नाही, त्या रागाला नाव देते आणि मर्यादाही घालते, हा अनुभव मुलाला मिळणे हा उपचार आहे. बाहुल्याला मारता येते, ताईंना नाही; माती फेकता येते, खिडकीवर नाही. घरी तो बहिणीवर हात उगारेल तेव्हा तुम्हीही याच क्रमाने बोला. आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरी वाट: ‘तुला खूप राग आला आहे. पण बहिणीला मारायचे नाही. केवढा राग आला आहे ते मला कागदावर काढून दाखव.’ आवाज चढवू नका आणि मागाहून प्रवचनही देऊ नका.

आता ते वाक्य. ‘आजोबा गावी गेले आहेत एवढेच त्याला सांगितले आहे.’

तुमच्या मुलाच्या खेळाचा नेमका अर्थ मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि कुणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. पण एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. रुग्णवाहिका निघाल्यानंतर काय झाले, हे त्याला कुणीही सांगितलेले नाही. त्याच्या खेळाला शेवट नाही, कारण त्याला शेवट माहीत नाही. त्यातही तुम्ही चाळीत राहता. तिथे रात्री रुग्णवाहिका आली, दुसऱ्या दिवशी माणसे जमली, दहा-बारा दिवस घरात नातेवाइकांची ये-जा झाली, भिंतीवर हार घातलेला फोटो लागला, आणि यातले साडेसहा वर्षांच्या मुलाला काहीच समजले नाही, असे होत नाही. गॅलरीतल्या एखाद्या मुलाने तर त्याला सरळ सांगूनही टाकले असेल. म्हणजे त्याला बहुधा दोन गोष्टी कळल्या आहेत. काहीतरी फार वाईट झाले आहे, आणि त्याविषयी घरात विचारायचे नाही.

मृत्यू झाला की माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काम करायचे थांबते आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत कधीतरी होते, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होत जाते. तुमचा मुलगा नेमका त्या वयात आहे. या वयाची मुले माहितीतली मोकळी जागा मोकळी ठेवत नाहीत, ती स्वतःच्या कल्पनेने भरतात, आणि ती कल्पना बहुतेक वेळा सत्यापेक्षा भयंकर असते. ‘मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून आजोबा गेले’, ‘मी झोपलो होतो तेव्हा ते गेले, आता पुन्हा झोपलो तर आई जाईल’ अशा गोष्टी मुलांच्या मनात असतात आणि त्या महिनोन्‌महिने कुणाला कळत नाहीत. शिवाय आजोबा निरोप न घेता गावी गेले आणि इतक्या महिन्यांत त्यांनी एक फोनही केला नाही, असे तुम्ही त्याला सांगितल्यासारखे झाले आहे. ज्यांच्यावर एवढा जीव होता त्यांनी असे का करावे, या प्रश्नाचा रागही तो कुठेतरी काढणारच.

गणपतीपर्यंत थांबू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. तो गाडीत बसेल ते आजोबा भेटणार म्हणून, आणि गावच्या घराच्या ओटीवर ते नसतील. तेव्हा त्याला मृत्यू कळेल आणि घरच्यांनी आपल्याला फसवले हेही त्याच क्षणी कळेल.

आधी ताईंना सांगा की घरात हे खोटे सांगितले गेले आहे. त्यांना ते माहीत नसण्याची शक्यता आहे. मग तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनी मिळून, सुटीच्या दिवशी सकाळी, मुलाची झोप आणि खाणे झालेले असताना त्याच्याशी बोला. झोपण्यापूर्वी हा विषय काढू नका. शब्द साधे ठेवा. ‘आजोबांचे हृदय खूप आजारी झाले होते. रुग्णवाहिका त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते बरे झाले नाहीत. आजोबा वारले. वारले म्हणजे त्यांचे शरीर आता काम करत नाही. त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येऊ शकत नाहीत. तुला खरे सांगताना आम्हाला रडू येईल असे वाटले, म्हणून आम्ही गावी गेले असे सांगितले. तसे सांगायला नको होते. हे तुझ्यामुळे झालेले नाही. तू काहीही केले असतेस तरी हे झालेच असते.’ शेवटची दोन वाक्ये वगळू नका. ‘आजोबा झोपले’ किंवा ‘देवाने त्यांना नेले’ असे मात्र म्हणू नका. पहिल्याने मूल झोपायला घाबरते आणि दुसऱ्याने देवाला. तुमची श्रद्धा असेल तर ‘आजोबा देवाघरी आहेत असे आपण मानतो’ हे नंतर जरूर सांगा, पण आधी वारले हा शब्द येऊ द्या.

ऐकल्यावर तो कदाचित रडणार नाही. ‘मी खेळायला जाऊ?’ असे विचारून निघून जाईल आणि तुम्हाला वाटेल की त्याला काहीच वाटले नाही. मुले दुःख घोट-घोट घेतात. तोच प्रश्न तो पुढे अनेकदा विचारेल, कदाचित जेवताना, कदाचित बसमध्ये. प्रत्येक वेळी तेच उत्तर द्या. काही दिवस खेळ जास्त जोराचा होईल, अंथरूणही जास्त वेळा ओले होईल. घाबरून उपचार बंद करू नका, ताईंना कळवा. तुमच्या डोळ्यांत त्याच्यासमोर पाणी आले तरी चालेल. आजोबांची आठवण काढायला घरात परवानगी आहे, हे त्यालाही त्यातूनच कळेल. तो म्हणाला तर फोटोला फूल त्याला वाहू द्या, वर्षश्राद्धाला काय करतात ते दाखवा.

घरी काय करावे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला चांगला आधार आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने पालकांनाच खेळ-उपचारातली काही कौशल्ये शिकवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास आई किंवा वडील आणि एकच मूल, एवढेच त्याचे स्वरूप असते. ताईंकडून ते प्रत्यक्ष शिकून घ्या. दोन खोल्यांच्या घरातही ते जमते. त्या अर्ध्या तासात सासूबाईंनी धाकटीला घेऊन गॅलरीत बसावे, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. खेळणी विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंवर. एका खोक्यात थोडी माती किंवा कणकेचा गोळा, भातुकलीची चार भांडी, दोन-तीन बाहुल्या, गाड्या, एखादा प्राणी, जुनी टोपी, ओढणी, कागद आणि खडू ठेवा, आणि ते खोके फक्त त्या वेळेसाठी राखून ठेवा. काय खेळायचे ते तो ठरवेल. तुम्ही शिकवू नका, सुधारू नका, ‘शाब्बास’ही म्हणू नका, प्रश्न विचारू नका. जे दिसते ते बोला: ‘तू सगळ्या गाड्या ओळीत लावल्यास’, ‘हिला एकटीला ठेवले, तिला भीती वाटते आहे’. आजोबांचा विषय तुम्ही मुद्दाम आणू नका. वेळ संपायला पाच मिनिटे असताना सांगा, आणि संपली की संपवा. पहिल्या एक-दोन वेळा तुम्हाला फार अवघडल्यासारखे होईल. तरीही चालू ठेवा. हा अर्धा तास वडिलांनी घेतला तर अधिकच चांगले, पण ज्याने घेतला त्याने तो मध्येच सोडू नये.

पुनरावृत्तीविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळणे बहुतेक वेळा चांगलेच असते, कारण त्यात हळूहळू काहीतरी बदलत जाते. एक दिवस पोलीस रस्ता मोकळा करून देतो, एक दिवस आत बसलेले माणूस बोलू लागते. पण १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेच्या बसमधून पळवून नेऊन जमिनीखाली कोंडलेल्या २६ मुलांपैकी बहुतेकांचा अभ्यास करताना लिनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाईंना असेही आढळले, की काही मुलांचा खेळ जराही बदलत नाही आणि खेळून झाल्यावर मुलाची भीती कमी होत नाही. खरे सांगितल्यानंतरही काही आठवड्यांत रुग्णवाहिकेच्या खेळात काहीच हलले नाही, खेळताना त्याचा चेहरा ताणलेलाच राहिला, तर हे ताईंच्या कानावर घाला. अशा वेळी उपचारकाने मागून चालणे पुरेसे नसते, त्याला खेळात थोडे पुढाकाराने शिरावे लागते.

अंथरूण ओले होण्यासाठी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून लघवीची तपासणी करून घ्या आणि बद्धकोष्ठता नाही ना ते पाहा. सगळेच मनातून येते असे धरून चालू नका. त्यावरून त्याला रागावू नका, आणि पाहुण्यांसमोर तर तो विषयही नको. ताईंचे शिक्षण कोणते, मुलांसोबत खेळ-उपचार करण्याचे प्रशिक्षण त्यांनी घेतले आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या उपचारकाला या प्रश्नाचा राग येत नाही. फी परवडेनाशी झाली तर उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा तसे मोकळेपणाने सांगा. तुमच्या जवळच केईएम, आणि शीव व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे मुलांसाठी काय सोय आहे ते बाह्यरुग्ण विभागात विचारता येईल. मुलगा मरण्याविषयी किंवा ‘आजोबांकडे जायचे आहे’ असे बोलू लागला, खाणे सोडले, किंवा स्वतःला इजा करू लागला, तर पुढच्या ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

तो क्रमांक तुमच्या यजमानांसाठी आणि सासूबाईंसाठीही आहे. एकाचे वडील गेले आहेत आणि एकीचे पती. घरात मुलासाठी गुप्तता पाळायची म्हणून त्या दोघांनाही फेब्रुवारीपासून मोकळेपणाने रडता आले नसेल. पालकांच्या भेटीला सासूबाईंनाही सोबत न्या आणि गॅलरीचा प्रश्न त्यांनाच ताईंना विचारू द्या.